खोकडाच्या पोटाखालची सावली

मागच्या आठवड्यात इथं सोलापुरातच एका प्रदर्शनात खोकडाचं, म्हणजे माळावरच्या छोट्या कोल्ह्यासारख्या प्राण्याचं, चित्र बघितलं आणि अर्धा तास तिथून पाय निघेना. नान्नजचं माळरान, सकाळचं ऊन, वाळलेलं कुसळी गवत, बिळाच्या तोंडाशी उभं असलेलं खोकड. शेपटीचं टोक काळं, म्हणजे आपलंच, राजस्थानच्या वाळवंटातल्याचं टोक पांढरं असतं. डोळ्याची बाहुली पण उभ्या चिरेसारखी काढलेली, नाहीतर बरेच जण कुत्र्यासारखी गोल काढून मोकळे होतात.

जवळ गेलो तर लांबून दिसणारा पाठीचा राखाडी रंग कुठं नव्हताच, एकेका केसावर फिकट आणि काळपट पट्टे होते नुसते. खऱ्या केसाचं पण असंच असतं, तो वाढत असताना मुळाशी काळपट आणि पिवळट रंगद्रव्य आलटून पालटून तयार होतं आणि लांबून आपला डोळा त्याची मिसळ करून टाकतो.

चित्रकार तिथंच होते, विचारलं तर म्हणाले, "सर, सगळ्यात जास्त पोटानं दमवलं बघा." ऊन वरून पडतं, म्हणून गोलाई दाखवायची तर वरची बाजू उजळ आणि खालची गडद करायची, हा चित्रकलेचा पहिला धडा. खोकडाचं नेमकं उलटं! पाठ गडद, पोट पांढरट. सावली आणि रंग एकमेकांना खोडतात, गोलाई जाते आणि दोन-चार किलोचा जीव गवतात चपटा होऊन मिसळून जातो. १८९६ साली हे नीट मांडलं ॲबट थेयर या अमेरिकन माणसानं, आणि तो स्वतः चित्रकार होता, आयुष्यभर सावल्या रंगवणाऱ्याच्या नजरेला हे दिसलं यात मला तरी काही नवल वाटत नाही.

मग या चित्रात पोट कसं जमवलं? पांढऱ्यावर हलकी निळसर सावली आणि तिच्यात जरासा तांबूस रंग, कारण खालच्या मुरमावरून ऊन परत वर पोटावर येतं. सावली थोडी जरी जास्त झाली असती तर मातीचं खेळणं वाटलं असतं.

रविवारी पहाटे नान्नजला गेलो. माळढोकासाठी १९७९ मध्ये झालेल्या या अभयारण्यात खोकडालाही आसरा मिळालाय. बराच वेळ एका बांधाकडे बघत होतो, नुसतं गवत दिसत होतं, मग गवतातलं एक काळं टोक हललं आणि त्याच्यापुढं अख्खं खोकड उभं होतं.