'उद्या'चं नाटक कुठे गेलं?

डिचोलीजवळच्या आमच्या गावात जत्रेला मराठी नाटकं होतात, त्यांच्यासाठी मी एक छोटी वेबसाइट केली होती, कुठल्या रात्री कुठलं नाटक आणि पडदा कधी उघडणार एवढंच. भाच्याने मोबाइलवर 'उद्याचं नाटक' दाबलं तर आलं, 'असं नाटक सापडलं नाही'. यादीत तर नाटक होतं, तारीखही बरोबर होती!

साइट एक्सप्रेस ह्या फ्रेमवर्कवर, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यावर होती. ब्राउझरच्या बाहेर, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायची सोय म्हणजे नोड, ती रायन डालने २००९ मध्ये आणली आणि टी. जे. होलोवायचुकने २०१० मध्ये त्यावर एक्सप्रेस बांधलं. आपण लिंक दाबतो तेव्हा ब्राउझर सर्व्हरला मुख्य दोन गोष्टी सांगतो, मेथड (काय करायचं) आणि पाथ (पत्त्यातला साइटच्या नावानंतरचा भाग). गेट म्हणजे 'दाखव', पोस्ट म्हणजे 'ही माहिती घे'. त्यामुळे पाथ एकच असला तरी गेटला नाटकांची यादी मिळते आणि पोस्टने नवं नाटक जमा होतं. रूट म्हणजे ह्या मेथडने ह्या पाथवर कोणी आलं तर हे फंक्शन चालव, असं सर्व्हरला सांगून ठेवणं.

आता माझी चूक बघा. आधी लिहिलं होतं '/नाटक/:आयडी' (आयडी म्हणजे नाटकाचा नंबर) आणि त्याच्या खाली '/नाटक/उद्या' (कोडमध्ये हे रोमन अक्षरांत असतं, इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत). कोलन म्हणजे ह्या जागी काहीही आलं तरी चालेल. एक्सप्रेस रूट वरून खाली, लिहिलेल्या क्रमाने तपासतं, जास्त नेमका कुठला हे बघतच नाही, जो आधी जुळला त्याचं फंक्शन चालवतं. म्हणजे 'उद्या' हाच आयडी समजला गेला, त्या आयडीचं नाटक डेटाबेसमध्ये शोधलं, अर्थातच मिळालं नाही आणि ४०४, म्हणजे 'सापडलं नाही' असं उत्तर गेलं. खालचं फंक्शन एकदाही चाललं नव्हतं. वरच्या फंक्शनमध्ये आयडी प्रिंट करून बघितला तेव्हा टर्मिनलवर 'उद्या' दिसलं आणि सगळं लक्षात आलं! दोन रूट वरखाली केले, झालं.

हे सगळीकडे असंच असतं असं मात्र नाही हां. फास्टिफाय हे दुसरं फ्रेमवर्क पाथचं झाड करून ठेवतं आणि ठरलेल्या शब्दाला कोलनच्या आधी मान देतं, तुम्ही क्रम कसाही लिहा. मला ते जास्त आवडतं, पण एक्सप्रेसमध्ये क्रम डोळ्यांना दिसतो आणि शिकणाऱ्याला ते बरं पडतं असं मला मनापासून वाटतं.

कोलनमधून आलेली किंमत नेहमी मजकूर असते. ७ नंबरचं नाटक मागितलं तरी हातात अक्षरातला '७' येतो, तीन बरोबरच्या चिन्हांनी (===) आकड्याशी तुलना केली की जुळत नाही. आणि फंक्शनने उत्तरही दिलं नाही, काम पुढच्या फंक्शनकडे सोपवणारं नेक्स्टही बोलावलं नाही तर ब्राउझर नुसता गोल गोल फिरत राहतो, एररसुद्धा दिसत नाही, हा प्रकार शोधायला फार त्रासाचा.

पाथ कुठेच जुळला नाही तर त्यासाठीचं ४०४ सगळ्यात खाली ठेवलंय, त्यात नाटकांच्या यादीची लिंक आहे. कोलनवाल्या रूटच्या डोक्यावर कॉमेंट टाकलीय, 'ठरलेले पाथ ह्याच्या वर'. नंतर भाच्याने स्वतः '/नाटक/आज' जोडलं, बरोबर त्या कॉमेंटच्या वर.