‘बाय राम’ कुठे गेला? इंग्रजी पॅसिव्हची पार्श्वभूमी

‘राम ईट्स अ मँगो’चं ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ करण्यात आपल्यापैकी बहुतेकांचे शाळेतले कितीतरी तास गेले आहेत. आंबा पुढे आणायचा, राम मागे न्यायचा, त्याला ‘बाय’ जोडायचं, क्रियापदाचं तिसरं रूप घ्यायचं, की गुण मिळाले. पुढे हीच मुलं इंग्रजीत अहवाल किंवा प्रबंध लिहू लागली की त्यांना सांगतात, पॅसिव्ह, म्हणजे ही कर्मणी रचना, टाळा. आधी करायला शिकवायचं आणि मग करू नका म्हणायचं. ही रचना इंग्रजीला मुळात का लागली, हे मात्र मधल्या मधेच राहून जातं.

त्याचं उत्तर हजार वर्षं मागे आहे. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. कोण कर्ता आणि कोण कर्म हे शब्दाच्या शेवटावरून कळायचं, त्यामुळे कर्म वाक्यात पुढे आणायला फारशी अडचण नसे. पुढे हे प्रत्यय झिजत गेले आणि शब्दाची जागा हीच त्याची ओळख झाली. क्रियापदाच्या आधी येईल तो कर्ता. आता ज्याच्यावर क्रिया झाली त्याच्याबद्दल बोलायचं असेल, तर त्यालाच कर्त्याच्या जागी बसवणं भाग पडलं. पॅसिव्ह ते काम करतो. याच काळात आणखी एक गोष्ट हरवली. जुन्या इंग्रजीत ‘मान’ हे सर्वनाम ‘कोणीतरी, लोक’ अशा अर्थाने वापरत. जर्मनमध्ये ते अजून रोजच्या वापरात आहे. इंग्रजीतून ते पंधराव्या शतकाच्या सुमारास नाहीसं झालं आणि ‘म्हणतात की’सारख्या वाक्यांचं ओझंही बरंचसं पॅसिव्हवर आलं.

‘बाय’सुद्धा सुरुवातीपासून तिथे नव्हतं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये येशूला सैतानाने मोहात पाडलं त्या प्रसंगी शब्द आहेत ‘टेम्प्टेड ऑफ द डेव्हिल’. तेव्हा ‘ऑफ’ही चालत होतं. ‘घर बांधलं जात आहे’ यासाठी शतकानुशतकं ‘द हाउस इज बिल्डिंग’ असं म्हणत. ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागलं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक जाणकारांनी ते बेढब म्हणून झिडकारलं. आज ते सहावी-सातवीच्या पुस्तकात असतं.

प्रत्यक्ष लेखनात तर ‘बाय’ फारसं भेटतच नाही. यान स्वार्टविक या स्वीडिश अभ्यासकांनी १९६६ मध्ये इंग्रजी पॅसिव्हचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाचांपैकी साधारण चार पॅसिव्ह वाक्यांत करणारा सांगितलेलाच नव्हता. ‘माय फोन वॉज स्टोलन’मध्ये चोर कोण हे ठाऊक नसतं. ‘ही वॉज बॉर्न इन पुणे’मध्ये आई सांगायची गरजच नसते. म्हणजे शाळेत आपण जे घोटलं, ते या रचनेचं दुर्मीळ रूप. आणि ‘बाय’ येतं तेव्हा ते कारणाने येतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसबद्दल परिच्छेद चालू आहे, इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली असं सांगून झालं, आणि पुढचं वाक्य आहे ‘इट वॉज डिझाइन्ड बाय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स’. माहीत असलेली इमारत आधी, नवं नाव शेवटी. इथे ॲक्टिव्ह करायचा हट्ट धरला तर परिच्छेदाचा धागाच तुटतो.

मग बदनामी कधी झाली? विल्यम स्ट्रंक या अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी १९१८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक छोटं पुस्तक छापलं. त्यात नियम होता, ॲक्टिव्ह व्हॉइस वापरा. त्याच नियमाखाली त्यांनी हेही लिहिलं होतं की पॅसिव्ह अनेकदा सोयीचा असतो आणि कधीकधी आवश्यकही. लोकांनी नियम पाठ केला, खालचा मजकूर सोडून दिला. १९४६ मध्ये इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी राजकारण आणि इंग्रजी भाषेवरच्या निबंधात जास्त कडक नियम घातला: ॲक्टिव्ह वापरता येत असेल तिथे पॅसिव्ह कधीही नको. पण त्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात ‘इट इज जनरली अझ्यूम्ड’ आहे. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोश-प्रकाशकाच्या शब्दप्रयोग-कोशाच्या संपादकांनी मोजदाद केली, तर निबंधात पॅसिव्हचं प्रमाण वीस टक्क्यांहून थोडं जास्त निघालं. नियतकालिकांच्या ज्या पाहण्यांशी त्यांनी तुलना केली, त्यांत ते जास्तीत जास्त तेरा टक्के होतं. मला यात ऑर्वेल यांचा दोष वाटत नाही. उत्तम गद्य लिहिणाऱ्याला जिथे पॅसिव्ह लागला तिथे त्याने तो घेतला. चुकला तो नियम.

ऑर्वेल यांची चिंता मात्र खरी होती, आणि तिचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला म्हणजे ‘मिस्टेक्स वर मेड’. जानेवारी १९८७ मध्ये इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर बोलताना अमेरिकेचे अध्यक्ष रेगन म्हणाले, ‘सीरियस मिस्टेक्स वर मेड’. चुका झाल्या, कोणाच्या हातून, ते नाही. पण त्याच्या एकशे दहा वर्षं आधी, डिसेंबर १८७६ मध्ये, अध्यक्ष ग्रँट यांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, पाठवलेल्या संदेशात जवळजवळ हेच शब्द आहेत आणि लगेच पुढे: ‘ॲज ऑल कॅन सी अँड आय ॲडमिट’. सगळ्यांना दिसतं आहे आणि मी कबूल करतो. रचना तीच, पण इथे कबुली देणारा माणूस समोर उभा आहे.

आता आपल्याकडे. जुन्या मराठीत स्वतःचा पॅसिव्ह होता. ‘कीजे’, ‘बोलिजे’ ही रूपं, पसायदानातलं ‘भजिजो आदिपुरुखीं’ हे त्याच घराण्यातलं. व्याकरणाची पुस्तकं त्याला पुराणकर्मणी म्हणतात. ती रूपं गेली तरी आपलं अडलं नाही, कारण आपल्याकडे प्रत्यय शाबूत आहेत. ‘ही इमारत स्टीव्हन्स यांनी उभारली’ यात इमारत आधी आली, स्टीव्हन्स नंतर आले, आणि इंग्रजीला ज्यासाठी पॅसिव्ह लागला ते सगळं साधलं. त्याच पुस्तकांत ‘नवीन कर्मणी’ही असतो. तो इंग्रजी पॅसिव्हच्या धर्तीवर आला असं सांगून उदाहरण देतात: ‘रावण रामाकडून मारला गेला’. भाषांतरं तपासताना हे ‘कडून’ मला पानोपानी भेटतं: ‘तिच्याकडून पत्र लिहिलं गेलं’, ‘समितीद्वारे निर्णय घेतला गेला’. मी ते खोडते आणि वर लिहिते: ‘पत्र तिने लिहिलं.’ ‘निर्णय समितीने घेतला.’