विहिरीतले उणे ज्यूल

आमच्या दापोलीच्या घराची विहीर म्हणे चुकीच्या दिशेला आहे. मुंबईहून आलेले पाहुणे परसात उभं राहून सांगत होते, "इथे निगेटिव्ह एनर्जी फार!" आत्या रहाटावर होती. तिने भरलेली कळशी काठावर टेकवली आणि काही न बोलता पुन्हा दोर सोडला.

पाहुण्यांचं मला पटलं. फक्त आकडा सांगायला हवा होता: उणे 784 ज्यूल.

जांभ्याचा काठ शून्य धरा. पाणी 8 मीटर खाली, कळशीत 10 किलो. 10 गुणिले 9.8 (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले 8. काठाच्या मानाने त्या पाण्याची स्थितिज ऊर्जा, म्हणजे जागेमुळे असलेली ऊर्जा, तेवढी कमी, म्हणून उणे. ती तूट आत्याचे दंड भरून काढतात. (एवढ्या ऊर्जेत 9 वॅटचा दिवा जेमतेम दीड मिनिट जळेल, हे तिला अजून सांगितलेलं नाही.) शून्य तळाशी धरलं तर उणे चिन्ह गायब, पण दोर तेवढाच ओढावा लागतो. बंदरावरही तेच: भरती-ओहोटीच्या तक्त्यातलं शून्य अगदी खालच्या ओहोटीच्या आसपासचं, रेल्वे स्टेशनच्या पाटीवरचं सरासरी समुद्रसपाटीचं. दर्या एकच.

गतिज, म्हणजे हालचालीच्या, ऊर्जेला ही उणे होण्याची मुभा नाही. तिच्यात वेगाचा वर्ग असतो, ती उणे होतच नाही.

आकाशात शून्य धरतात ते अनंत अंतरावर, जिथे कुणाची ओढ उरत नाही. मग चंद्राची स्थितिज ऊर्जा उणे येते, आणि ती त्याच्या गतिज ऊर्जेच्या जवळपास दुप्पट. बेरीज उणेच, म्हणून चंद्र पृथ्वीच्या विहिरीत अडकलेला. हॅलेचा धूमकेतूही सूर्याच्या विहिरीतला. 1986 साली येऊन गेला, 2061 मध्ये परत येईल. 2017 साली दिसलेल्या, सूर्यमालेबाहेरून आलेल्या 'ओमुआमुआ'ची बेरीज मात्र शून्याहून जास्त होती. तो गेला तो गेलाच.

हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन असाच उणे 13.6 इलेक्ट्रॉन व्होल्टवर (हे ऊर्जेचं अगदी चिमुकलं माप) बसलेला असतो. त्याला बाहेर काढायला नेमके तेवढेच मोजावे लागतात. अणुकेंद्राची विहीर याहून लाखो पटींनी खोल. इतकी, की तूट चक्क वजनात दिसते. सूर्यात हायड्रोजनच्या चार केंद्रकांपासून हेलियमचं एक बनतं, तेव्हा सुमारे 0.7 टक्के वस्तुमान कमी भरतं. ते ऊर्जा होऊन बाहेर पडतं.

विहिरीपलीकडे सुपात आत्याची आमसुलं वाळताहेत, ती त्याच 0.7 टक्क्यांवर.