यंत्र कसे चालते आणि ते असेच का घडले

नागपुरात रमण विज्ञान केंद्र पाहून आलेले मूल आणि मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय पाहून आलेले मूल घरी एकच सांगते, "यंत्रे पाहिली." मोठ्यांचाही इथे घोटाळा होतो. विज्ञानाचे प्रात्यक्षिक आणि तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे दालन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीची कसोटी दुसरीला लावली की उत्तम दालन रटाळ वाटू लागते.

प्रात्यक्षिकाचे काम तत्त्व समजावण्याचे असते. कप्पी प्लॅस्टिकची असली आणि कालच बनवलेली असली तरी बिघडत नाही; दोर ओढणाऱ्या मुलाच्या हाताला वजन हलके झालेले जाणवले की ते प्रात्यक्षिक यशस्वी झाले.

इतिहासाच्या दालनाला मात्र वेगळ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: हे यंत्र असेच का घडले, आणि दुसरे कोणते पर्याय समोर होते? इंग्रज अभियंते स्टीफन्सन यांचे १८२९ सालचे 'रॉकेट' नावाचे वाफेचे रेल्वे इंजिन इंग्लंडमध्ये जपलेले आहे. वाफेच्या दाबाने चाके फिरवणारे त्याचे सिलिंडर आरंभी तिरके आणि उंचावर बसवले होते. त्यामुळे वेगात इंजिन डोलत असे, म्हणून काही काळातच ते खाली, जवळपास आडवे बसवण्यात आले. आज मूळ इंजिनावर दिसते ती ही दुरुस्तीनंतरची मांडणी. यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात याच इंजिनाची कापून उघडी केलेली प्रतिकृती आहे. बॉयलरमधील २५ तांब्याच्या नळ्यांतून उष्णता पाण्याला कशी मिळते, हे कळण्यासाठी ती मूळ वस्तूपेक्षा सरस आहे. परंतु धावत्या इंजिनाने आपल्या कर्त्यांना काय शिकवले, याचा पुरावा मूळ लोखंडावरच आहे आणि प्रतिकृती तो देऊ शकत नाही.

मोतीबागेचे संग्रहालय २००२ साली सुरू झाले. तिथल्या विषयाला हीच कसोटी लावून पाहू. नॅरोगेजच्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, तर ब्रॉडगेजचे १६७६. नुसते आकडे लिहिलेली पाटी ही माहिती झाली, इतिहास नव्हे. सातपुड्याच्या चढणींवर अरुंद रूळ तीव्र वळणे घेऊ शकत आणि मार्ग स्वस्तात बांधता येई, म्हणून ती निवड झाली. पण गोंदियासारख्या जंक्शनवर दोन गेज एकत्र येत, तिथे एका गाडीतील माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. बचत बांधकामात झाली आणि भार हमालांच्या पाठीवर आला. निवडीच्या या दोन्ही बाजू ज्या मांडणीत शेजारीशेजारी दिसतात, तिला मी उत्कृष्ट म्हणेन, मग तिथे एकही बटण दाबायला नसले तरी चालेल.

नव्या रंगाने चकाकणाऱ्या इंजिनापुढे फोटोसाठी गर्दी होते, हे समजण्यासारखे आहे. तरीही रंगाखाली बरेच काही झाकले जाते, असे मला तळमळीने वाटते. वर्षानुवर्षे हाताळून गुळगुळीत झालेली मूठ आणि जागोजागी ठिगळ लावलेला पत्रा जसाच्या तसा ठेवणाऱ्या संग्रहालयाने त्या यंत्रावर राबलेल्या माणसांनाही दालनात जागा दिलेली असते. म्हणून मुलांना घेऊन गेलात तर आधी इंजिनाची मूठ दाखवा, मग संग्रहालयातील रुळांमधील अंतर त्यांना पावलांनी मोजू द्या: अडीच फुटांचे नॅरोगेज मोठ्या माणसाच्या एका पावलात मावते, आणि ब्रॉडगेजला दोन पावले टाकूनही थोडे उरते.