चष्मेवाला : एका नावाची पार्श्वभूमी

खान्देशात यावल अभयारण्यात किंवा तोरणमाळच्या वाटेवर पक्षी नोंदवणाऱ्यांच्या जुन्या वह्यांत ‘ओरिएंटल व्हाइट-आय’ असं लिहिलेलं असतं आणि नव्या याद्यांत ‘इंडियन व्हाइट-आय’. पक्षी एकच, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला. मराठीत तो तेव्हाही चष्मेवाला होता, आजही आहे.

त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८२४ मध्ये एका डच पक्षिशास्त्रज्ञानं केलं. नमुना बंगालचा होता, आणि पुढचा सगळा गुंता या बंगालपाशी येऊन सुटतो. जवळजवळ दोन शतकं अफगाणिस्तानापासून थेट जावा-बालीपर्यंतच्या चष्मेवाल्यांना याच एका नावाखाली घातलं गेलं. रंगाच्या छटा बदलल्या की उपप्रजाती करायची आणि पुढे जायचं. डीएनए तपासल्यावर मात्र मलय द्वीपकल्प, बोर्निओ, जावा, बाली इथले पक्षी आपल्या पक्ष्याचे सख्खे नाहीतच असं दिसलं. २०१८-१९च्या आसपास ते वेगळे झाले. मग मूळ नाव कुणाकडे राहणार? नियम असा, की ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून नाव पडलं, तिथल्या पक्ष्याकडे ते राहतं. बंगालमुळे ‘झोस्टेरॉप्स पाल्पेब्रोसस’ हे शास्त्रीय नाव आपल्याकडे राहिलं, इंग्रजी नाव तेवढं बदललं.

विभागणी योग्यच झाली. ‘इंडियन’ हे नाव मात्र मला पटत नाही. हाच पक्षी नेपाळात, श्रीलंकेत, म्यानमारमध्ये आहे. ‘ओरिएंटल’ ठेवलं असतं तर जुना व्यापक अर्थ की नवा मर्यादित, हा घोळ राहिला असता, हा युक्तिवाद खरा आहे. पण देशाचं नाव लावणं हा त्यावरचा एकमेव उपाय नव्हता. पाल्पेब्रोसस पापणीवरून आलेलं, चष्मेवालाही डोळ्यावरूनच. तेवढं पुरलं असतं.

कुळाचंही असंच झालं. २००३ च्या सुमारास चष्मेवाले सातभाईंच्या गोतातलेच निघाले. शेवटी त्यांचं कुळ स्वतंत्र ठेवून हिमालयातले युहिना हे तुरेवाले छोटे पक्षी त्यात आणले. वीस लाख वर्षांच्या आत चष्मेवाल्यांच्या गोतात ऐंशीच्या वर प्रजाती झाल्या. बेटांवर थव्यानं पोचण्याची सवय त्यामागे असावी, असं मानतात.

पक्षी जेमतेम १० सेंटिमीटरचा. तो ‘चष्मा’ म्हणजे बारीक पांढऱ्या पिसांचं कडं, चोचीकडच्या बाजूला काळ्या ठिपक्यानं तुटलेलं. पळस-पांगाऱ्याच्या फुलांत डोकं घालून बाहेर आला की कपाळ परागांनी माखतं, आणि अशा पक्ष्याला लोक वेगळीच प्रजाती समजून बसलेत. थव्यातले पक्षी एकमेकांची पिसं चोचीनं साफ करतात. विणीच्या दिवसांत थवा फुटतो. फांदीच्या दुबेळक्यात कोळ्याच्या जाळ्यानं आणि दगडफुलानं विणलेली वाटी, त्यात बहुधा दोन फिकट निळी अंडी; दहाएक दिवसांत पिल्लं बाहेर.

खान्देशात पक्ष्यांची छापील यादी १८८२ पासून आहे. १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा हे दुर्मिळ छोटं घुबड ११३ वर्षांनी पुन्हा सापडलं आणि सगळ्यांची नजर तिकडे वळली. चष्मेवाल्यापुढे वहीत ‘नेहमीचा’ एवढाच शेरा पडत राहिला. जुन्या वहीतलं नाव खोडायची गरज नाही. महिना, झाड आणि थव्यात किती होते, हे मात्र तिथे लिहायला हवं होतं.