शाळेच्या खात्यात शिल्लक का उरत नाही

जिल्हा परिषद शाळेच्या समग्र शिक्षा (केंद्रपुरस्कृत शालेय शिक्षण योजना) खात्यात ३१ मार्चला किती पैसे उरतात? नियमानुसार शून्य. गळक्या छपरासाठी चार पैसे बाजूला टाकून पुढच्या वर्षी वापरावेत, ही मुभा महाराष्ट्रातल्या सरकारी शाळेला खऱ्या अर्थाने कधी मिळालीच नाही. मधल्या काळात खात्यांत शिल्लक दिसायची, पण ती बचत नव्हती. उशिरा आलेले किंवा खर्चाविना अडकलेले ते पैसे होते.

१९४७च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा शाळा मंडळांकडे सोपवला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. पगार, इमारत, दुरुस्ती हे सगळे वरून होई. शाळेच्या हाती पडे ते सादिल, म्हणजे खडू, हजेरीपत्रके, झाडू अशा किरकोळ खर्चाचे पैसे. शिल्लक उरण्याइतकी रक्कमच नसल्याने तिचा प्रश्न येत नव्हता.

तो आला सर्व शिक्षा अभियानासोबत, २००१ नंतर. शाळेच्या नावाने बँक खाते निघाले, मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष यांच्या संयुक्त सहीने पैसे निघू लागले. पुढे स्थिरावलेले दर असे होते: शाळा अनुदान प्राथमिकला ५,००० आणि उच्च प्राथमिकला ७,००० रुपये, देखभाल-दुरुस्तीला तीन वर्गखोल्यांपर्यंत ५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेला १०,००० रुपये, शिवाय शैक्षणिक साहित्यासाठी प्रत्येक शिक्षकामागे ५०० रुपये.

रकमा लहान असूनही शिल्लक साचली, कारण शाळा जूनमध्ये भरते, आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि अनुदान बहुतेकदा शेवटच्या तिमाहीत खात्यावर पडते. पावसाळ्याआधी करायच्या दुरुस्तीचे पैसे फेब्रुवारीत आले, तर मुख्याध्यापकांपुढे दोनच वाटा उरतात: मार्चअखेर घाईने खर्च किंवा अखर्चित रक्कम. त्यात प्रत्येक पैशाला लेखाशीर्ष, म्हणजे तो कशावर खर्चायचा याचे ठरलेले नाव, चिकटलेले. समजा पासबुकात ४०,००० दिसत आहेत. त्यातले ३४,००० वर्गखोली बांधकामाचे असले, तर शौचालयाच्या तुटलेल्या दारासाठी त्यातला रुपयाही उचलता येत नाही. बाहेरच्या माणसाला पैसा पडून आहे असे वाटते. किर्दीत मात्र तो वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असतो.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि शाळा व्यवस्थापन समितीला शाळा विकास आराखडा करायला सांगितले गेले. आराखडा तीन वर्षांचा, पैसा मात्र एका वर्षाचा. सगळा पेच इथेच आहे. पहिल्या वर्षी थोडे वाचवून तिसऱ्या वर्षी कुंपण बांधू, असे कागदावर मांडता येते, खात्यात करता येत नाही. इंग्लंडमध्ये १९८८च्या शिक्षण सुधारणा कायद्यानंतर शाळांना स्वतःचे अंदाजपत्रक मिळाले आणि उरलेली रक्कम पुढे नेता येऊ लागली. साठा फार वाढू नये म्हणून नंतर तिथे प्राथमिकसाठी ८ आणि माध्यमिकसाठी ५ टक्क्यांची पातळी वापरात आली. तिथला वाद किती राखावे याचा होता. आपल्याकडे राखण्याची मुभाच नाही.

खासगी अनुदानित माध्यमिक शाळांचे गणित वेगळे. तिथे आधी खर्च, मग मूल्यनिर्धारण (खर्चाची सरकारी तपासणी), मग वेतनेतर अनुदान, म्हणजे पगाराव्यतिरिक्तच्या खर्चाचे पैसे, आणि अमान्य बाबी कापल्या जातात. हे अनुदान काही वर्षे बंद होते. २०१३ मध्ये ५ टक्के दराने पुन्हा सुरू झाले. सत्र शुल्काचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो आणि तो ठरवून दिलेल्या बाबींवरच खर्चायचा. खरी गंगाजळी असलीच तर ती संस्थेकडे असते, शाळेकडे नाही.

२०१८ला समग्र शिक्षा अभियान आले आणि सुटी अनुदाने एकत्र करून संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरू लागले. सुधारित दरांनुसार ३० पटापर्यंत १०,०००, ३१ ते १०० ला २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख रुपये. किमान १० टक्के स्वच्छतेवर. म्हणजे २८ पटाच्या शाळेला पूर्ण अनुदान मिळाले तरी स्वच्छता वगळून महिन्याला ७५० रुपये उरतात. वीजबिल, स्टेशनरी, नळदुरुस्ती त्यातच. पट ३१ चा ३० झाला की एका मुलामागे १५,००० रुपये जातात. अशा वर्षाचा धक्का सोसण्यासाठीच राखीव रक्कम हवी असते, आणि लहान शाळांनाच तिची सर्वाधिक गरज आहे.

२३ मार्च २०२१ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने केंद्रपुरस्कृत योजनांसाठी एकल नोडल खात्याची, म्हणजे राज्यात एका योजनेला एकच मुख्य खाते अशी, पद्धत आणली. अंमल १ जुलैपासून. हजारो खात्यांत पडून राहणारा पैसा सरकारला दिसावा, हा हेतू रास्त होता. शाळांनी व्याजासह शिल्लक परत केली आणि शून्य शिल्लक खाती उघडली. आता शाळेला पैसे मिळत नाहीत, खर्चाची मर्यादा मिळते. समितीचा ठराव, दरपत्रके, बिल, पीएफएमएसवर (सरकारी निधी-व्यवस्थापनाचे संकेतस्थळ) पुरवठादाराची नोंद, एका लॉगिनवरून भरणा, दुसऱ्यावरून मंजुरी, मग छापील पेमेंट अ‍ॅडव्हाइस (पैसे देण्याचा आदेश) सह्यांनिशी बँकेत.

अडते ते बहुतेक ठरावीक ठिकाणी. बँकांच्या विलीनीकरणात पुरवठादाराचा आयएफएससी बदललेला असतो आणि भरणा नाकारला जातो. समिती दर दोन वर्षांनी नव्याने बनते, पण बँकेतली सही जुन्याच अध्यक्षांची राहते. मर्यादा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येते, संकेतस्थळ मंदावते आणि ३१ तारखेला न वापरलेली मर्यादा संपते. काम झालेले, बिल हातात आणि देणे उभे, अशा अवस्थेत शाळा नव्या वर्षात जाते. म्हणून मर्यादा येण्याआधीच, डिसेंबरपर्यंत, ठराव, दरपत्रके आणि सह्यांची दुरुस्ती उरकलेली बरी.

पुढच्या वर्षात टिकणारा पैसा उरतो तो लोकसहभागाचा: ग्रामस्थ, माजी विद्यार्थी, गावातली मंडळे यांनी दिलेला. तो योजनेच्या खात्यात मिसळू नये. स्वतंत्र खाते, प्रत्येक देणगीला पावती, स्वतंत्र किर्द, वस्तू मिळाली तर जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत नोंद आणि खर्चाआधी समितीचा ठराव, इतके पाळले तर लेखापरीक्षणात हा निधी निभावतो. ज्या गावात देणारे हात कमी, तिथल्या शाळेकडे मात्र हाही आधार नसतो.