१९३९चा हिवाळा आणि चुंबकी सुरुंग

१० सप्टेंबर १९३९. युद्ध जाहीर होऊन जेमतेम आठवडा झाला होता. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोकमधल्या ऑल्डबरा गावासमोर ‘मगदापूर’ नावाचं मालवाहू जहाज जर्मन पाणबुडीने पेरलेल्या सुरुंगावर गेलं आणि बुडालं. सहा जण गेले. बाकीच्या सत्तराहून अधिक माणसांना गावच्या लाइफबोटीने किनाऱ्याला आणलं. जहाज ब्रॉकलबँक कंपनीचं, म्हणजे कलकत्त्याच्या व्यापारातलं. या कंपनीच्या आणखी एका जहाजाचं नाव चक्क ‘माथेरान’ होतं. खलाशी बहुतेक भारतीय. त्या वेळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर साधारण दर चौथा माणूस हिंदुस्थानातला असे. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर आणि गोवेकर जहाजाच्या भोजनगृहात, ही वाटणी मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. त्याच शरद ऋतूत या खलाशांनी पगारवाढीसाठी संप केले आणि त्यांतले कित्येक तुरुंगातही गेले. हे संप केवळ पैशाचे हट्ट नव्हते. पाण्याखाली काय वाट पाहतंय हे त्यांना ठाऊक होतं.

पाणसुरुंग तेव्हा काही नवे नव्हते. १९०४च्या रशिया-जपान युद्धात रशियन अ‍ॅडमिरल मकारोव्ह आपल्या ‘पेट्रोपाव्लोव्हस्क’ या युद्धनौकेसह सुरुंगावर गेले. महिनाभराने जपानने एकाच दिवशी दोन युद्धनौका तशाच गमावल्या. युद्ध संपल्यावरही सुटे सुरुंग चीनच्या किनाऱ्याजवळ वाहत राहिले आणि मच्छीमार मरत राहिले. म्हणून १९०७ साली हेगमध्ये करार झाला. साखळी तुटून सुटलेला सुरुंग निकामी व्हायला हवा आणि केवळ व्यापारी जहाजं अडवण्यासाठी शत्रूच्या किनाऱ्याजवळ सुरुंग पेरू नयेत, असं त्यात ठरलं. या दुसऱ्या कलमाला जर्मनी आणि फ्रान्सने हरकत नोंदवून ठेवली. शिवाय हे कलम इतकं मोघम होतं की हेतू ‘केवळ’ व्यापार अडवण्याचा नाही एवढं म्हटलं की सुटका. करारात विचार होता तो टक्कर बसून फुटणाऱ्या सुरुंगांचा. न टेकता फुटणारा सुरुंग कुणाच्या डोक्यातही नव्हता.

पहिल्या महायुद्धाची सुरुवात सुरुंगांनीच झाली असं म्हणायला हरकत नाही. ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या तिसऱ्याच दिवशी ‘अ‍ॅम्फिअन’ ही क्रूझर बुडाली. आदल्या दिवशी याच जहाजाने सुरुंग पेरणारं जर्मन जहाज बुडवून त्यावरची माणसं वाचवली होती. त्यांतलेही काही जण आता आपल्याच लोकांनी पेरलेल्या सुरुंगाने मेले. ऑक्टोबरात आयर्लंडच्या उत्तरेला ‘ऑडेशस’ ही नवी कोरी युद्धनौका गेली. ती बुडताना शेजारून जाणाऱ्या ‘ऑलिम्पिक’वरच्या प्रवाशांनी फोटो काढले, तरी ब्रिटिश सरकारने युद्ध संपेपर्यंत बातमी कबूल केली नाही. मुंबईलाही झळ पोचली: १९१७च्या फेब्रुवारीत ‘वोल्फ’ या जर्मन जहाजाने मुंबईबाहेर सुरुंग पेरले आणि जूनमध्ये पी अँड ओ कंपनीची ‘मंगोलिया’ ही टपालबोट बंदरापासून सुमारे पन्नास मैलांवर बुडाली.

हे सगळे सुरुंग एकाच जातीचे. तळाशी वजन, त्याला साखळी, वर शिंगं असलेला गोळा, आणि जहाज शिंगाला धडकलं की स्फोट. त्यावरचा उपायही ठरलेला: मासेमारीच्या बोटींनी पोलादी दोर ओढत न्यायचा, साखळी कापायची आणि वर आलेला गोळा बंदुकीने फोडायचा. १९३९ साली जर्मनीने जे वापरलं ते या उपायाला भीक न घालणारं होतं. हा सुरुंग उथळ पाण्यात तळावर पडून राहायचा. पोलादी जहाज स्वतःच एक मोठं चुंबक असतं. ते डोक्यावरून गेलं की सुरुंगातली सुई हलायची आणि विद्युतमंडल पूर्ण व्हायचं. कापायला साखळीच नाही. स्फोट जहाजाच्या कुशीत न होता पोटाखाली होत असल्याने भोक पडण्याऐवजी सगळा कणाच मोडायचा.

गंमत अशी की ही युक्ती मुळात ब्रिटिशांची. १९१८च्या उन्हाळ्यात त्यांनी बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या किनाऱ्यालगत चुंबकी सुरुंग टाकले होते. मधल्या वीस वर्षांत असले सुरुंग झाडून काढण्याच्या साधनावर थोडंफार काम झालं, पण ते पुरं झालं नाही. माझ्या मते अ‍ॅडमिरल्टीला, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाला, अज्ञानापेक्षा ही आळसावलेली जाण जास्त महाग पडली. सुई चुंबकक्षेत्रातल्या कोणत्या बदलाला आणि केवढ्या बदलाला दाद देते हे नक्की कळल्याशिवाय खात्रीचा उतारा काढता येत नव्हता, आणि त्यासाठी अखंड सुरुंग हातात यायला हवा होता.

नोव्हेंबरात तो हाती येईपर्यंत धूळधाण झाली. जर्मन विनाशिका रात्रीच्या अंधारात थेट थेम्सच्या मुखापर्यंत येऊन सुरुंग टाकून जात. १८ तारखेला ‘सिमोन बोलिव्हार’ ही तटस्थ हॉलंडची प्रवासी बोट हार्विचजवळ बुडाली. ऐंशीहून अधिक माणसं गेली, त्यांत मुलंही होती. २१ तारखेला एकाच दिवशी जपानची ‘तेरुकुनी मारू’ आणि ब्रिटिश विनाशिका ‘जिप्सी’ बुडाल्या, तर तिकडे फोर्थच्या खाडीत ‘बेलफास्ट’ या नव्या क्रूझरचा कणा मोडला. ती दुरुस्त होऊन परतायला तीन वर्षं लागली. त्या महिन्यात सुरुंगांनी २७ व्यापारी जहाजं बुडवली, सुमारे १ लाख २० हजार टन. लंडन बंदरात शिरायच्या वाटा एकेक करून बंद होत गेल्या.

२० नोव्हेंबरपासून सी-प्लेननेही सुरुंग टाकायला सुरुवात झाली आणि तिथेच जर्मनांचा घात झाला. २२ तारखेच्या रात्री थेम्सच्या मुखाजवळच्या शूबरीनेसच्या किनाऱ्यावरून पॅराशूटला लटकलेली एक वस्तू पाण्यात पडताना दिसली. ओहोटी लागली आणि सुरुंग चिखलात उघडा पडला. चर्चिल तेव्हा नौदलमंत्री होते. त्यांनी पोर्ट्समथच्या ‘व्हर्नन’ या नौदल प्रशाळेतले ऑव्हरी आणि लुईस या अधिकाऱ्यांना रातोरात तिकडे धाडलं. लोखंडी हत्यार चालणार नव्हतं म्हणून पितळेची हत्यारं मुद्दाम घडवून घेतली. २३च्या दुपारी, पुन्हा ओहोटी लागल्यावर, ऑव्हरी आणि ‘व्हर्नन’चेच बाल्डविन सुरुंगाजवळ गेले. लुईस आणि व्हर्नकोम नावाचा खलाशी लांब उभे राहिले. पुढचं पाऊल काय टाकणार ते आधी सांगायचं आणि मगच टाकायचं, असं ठरलेलं. स्फोट झालाच तर नेमकं कुठे चुकलं हे मागच्यांना कळावं! काही तासांत तो निकामी झाला आणि पोर्ट्समथला पोचल्यावर सुईचं गुपित उघडं झालं.

मग उतारे भराभर निघाले. जहाजाभोवती तारेचं वेटोळं घालून त्यातून वीज सोडायची, म्हणजे जहाजाचं चुंबकत्व जवळपास मिटतं. वेलिंग्टन बाँबर विमानांना वीज वाहणारं अजस्र कडं बसवून ती पाण्यावरून अगदी खालून उडवली, म्हणजे त्या चुंबकत्वानेच तळाचा सुरुंग फुटावा. जानेवारी १९४०मध्ये अशा विमानाने पहिला सुरुंग फोडला. सर्वांत कामाला आली ती तरंगती केबल: दोन बोटींनी समांतर जात ती ओढायची, ठरावीक अंतराने त्यातून वीज सोडायची, खारं पाणी स्वतःच विद्युतमंडल पूर्ण करतं. मार्चमध्ये ‘क्वीन एलिझाबेथ’ ही प्रचंड प्रवासी बोट गुपचूप न्यूयॉर्कला निघाली तेव्हा तिलाही तारेचं वेटोळं घातलेलं होतं.

तरी मार्च १९४० अखेर सुरुंगांनी बुडवलेल्या व्यापारी जहाजांचा आकडा सव्वाशेच्या पुढे गेला होता. जर्मनीकडे सुरुवातीला चुंबकी सुरुंगांचा साठा तुटपुंजा होता; हजारोंनी जमवून एकदम टाकले असते तर लंडन बंदर कोलमडलं असतं, असं मानायला जागा आहे. त्यांनी थोडे थोडे टाकले, उथळ भरतीरेषेत टाकले आणि नमुना स्वतःच्या हाताने शत्रूला दिला. १९४०च्या शरदात त्यांनी इंजिनाच्या आवाजाने फुटणारे सुरुंग आणले आणि ब्रिटनला पुन्हा नवा उतारा शोधायला बसावं लागलं.